मामांचा डिप्पर आणि लोणच्याची बरणी

आमच्या मागच्या बाल्कनीत लोणच्याची एक चिनीमातीची बरणी आहे. लोणचं घालणं मी कधीच सोडलं. आता बरणीत वाळू आहे आणि वाळूत टॉर्चचे बाद झालेले सेल. फुगलेले, चेपलेले, साल निघालेले, एक तर अर्धा जळका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मी ते वाळूत पुरते आणि बरणी भरत आली की ई-कचरा घेणाऱ्यांकडे देऊन येते.

सेल जातात हो, किस्से मात्र माझ्याकडेच साठत राहतात. सेल आणून देणारा माणूस नुसता सेल देऊन जात नाही. तो बसतो, कॉफी पितो आणि "मिस, माझं काही चुकलं नाही हां!" इथून सुरुवात करतो. मग ऐकावंच लागतं. दमले मी ऐकून ऐकून.

मी म्हैसूरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरी केली, म्हणून सगळे मला मिस म्हणतात, माझ्यापेक्षा वयानं मोठे असलेलेही. रिटायर झाल्यावर गुडघे चालते राहावेत म्हणून पहाटेच्या डोंगरमंडळीत शिरले. चामुंडी डोंगराच्या हजार पायऱ्या उजाडायच्या आत चढायला लागायच्या, वर दर्शन घ्यायचं, खाली येऊन कॉफी प्यायची. मंडळी सगळी घरात मराठी बोलणारी. म्हणजे आम्ही तिला मराठी म्हणतो. नोकरीसाठी पुण्याहून इथं आलेली रेखा पहिल्या दिवशी आमच्या गप्पा ऐकून मला हळूच म्हणाली, "काकू, कन्नड फारच सोपं आहे हो! मला निम्मं कळतंय!"

एकदा पायऱ्यांच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी आली. आमच्याकडे त्याला चिरता म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला जोरदार टॉर्च हवा झाला, चिरत्याचे डोळे दिपतील असा. असे टॉर्च लिथियमच्या रिचार्जेबल सेलवर चालतात. तिथं मी नको ते बोलले. म्हटलं, "टॉर्चला जो बसतो तोच सेल घ्या. आणि घेताना प्रोटेक्टेड घ्या, आत संरक्षणाचं सर्किट असतं." एवढंच बोलले! तेव्हापासून मंडळीचं सेलखातं माझ्या गळ्यात पडलं ते आजपर्यंत.

* * *

मंडळीत सगळ्यांत मोठे नागोजी मामा. घराणं जुन्या म्हैसूर फौजेतलं, पण मामांनी हातात तलवार नाही, स्टिअरिंग धरलं. बन्नूर लाइनवर पहाटेची पहिली बस त्यांची असायची. पायऱ्यासुद्धा ते बस चालवावी तशा चढतात. डावी बाजू सोडत नाहीत. वळणावर घसा खाकरतात, तो हॉर्न. आणि समोरून कुणी उतरताना दिसलं की टॉर्चच्या काचेवर तळहात आडवा धरून उजेड खाली पाडतात. हा त्यांचा डिप्पर.

"समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारला तर तो पडतोय, पाप आपल्याला लागतंय," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. एकदा कुठल्या तरी तरुणानं डिप्पर न देता झगझगीत टॉर्च तोंडावर मारला. मामा तिथंच थांबले आणि हात पुढं करून म्हणाले, "लायसन दाखव!"

त्या बिचाऱ्यानं खिशातून खरंच काढून दाखवलं.

पण मामांचे डोळे थकले होते. दिवसा पेपर वाचतात, अंधारात मात्र कमी दिसतं, आणि हे कमीच होत जाणार असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त उजेड लागायचा. त्यांची बायको, आमच्या कमळामामी, रोज कुरकुरायच्या. "अंधारात चढायचं काय नडलंय? उजाडल्यावर जावा की!"

मामांचं उत्तर ठरलेलं. "पहिली बस उजाडल्यावर सुटतेय काय?"

डोंगर बंद झाला तर मामा उरतील काय, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी बोलून दाखवला नाही. सगळ्यांना तो पडलेला होता.

* * *

मामांच्या मुलानं बंगळूरहून त्यांना एक दणकट टॉर्च पाठवला, जाड सेलचा. सेल मात्र पाठवायचा राहिला. मामा लष्कर मोहल्ल्यात गेले आणि सेल घेऊन आले. टॉर्च घरीच ठेवून! टॉर्च घरी ठेवून सेल आणायला जाणं म्हणजे पाय घरी ठेवून चप्पल आणायला जाणं. दुकानदारानं जो जास्त खपतो तो बारीक सेल दिला.

सेल टॉर्चमध्ये खुळखुळायला लागला. मामांनी त्याला पेपरची पट्टी गुंडाळली. आता रुंदीला बसला, पण लांबीला कमी पडला. तेव्हा चॉकलेटच्या चांदीचा गोळा करून त्यांनी तो सेलच्या डोक्यावर ठेवला आणि झाकण आवळलं.

पहाटे काय गंमत! मामांनी पाय टेकला की टॉर्च विझायचा, पाय उचलला की लागायचा. वरून उतरणारे लोक लगबगीनं बाजूला होऊन वाट देत होते. मामा खूश. "बघितलं काय मिस? शिस्त! डिप्पर दिला की लोक मान देतात!"

घरी गेल्यावर तो चांदीचा गोळा दबून पसरला, टॉर्चच्या भिंतीला टेकला आणि आतल्या आत शॉर्ट झाला. कागद करपला, टॉर्च हातात धरवेना. मामींनी चिमट्यानं उचलून तो अंगणात ठेवला आणि तिथल्या तिथं निकाल दिला. "अजून एकदा ह्या टॉर्चचा वास आला, की डोंगर बंद! सेल खराब म्हणून सांगितलं तरी ऐकणार नाही."

मामा जळका सेल घेऊन माझ्याकडे आले. मी त्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत बसले. ते आलंच नाही. मामा म्हणाले, "माझी चूक. सेलवर ढकलायचं नाही. इतकी वर्षं बस चालवली, कधी ब्रेकवर ढकललं नाही, कधी लाइटवर ढकललं नाही. ड्रायवरनं गाडीवर ढकलायचं नाही, अष्टे!"

अष्टे म्हणजे एवढंच. मामांचं अष्टे आलं की विषय संपला.

* * *

रेखाचं उलटं. तिनं सगळं ऑनलाइन अभ्यास करून मागवलं. सेलवर छापलं होतं ९९०० एमएएच! आमच्या बोंबाट, म्हणजे एकदम झकास, सेलांवर याच्या निम्मासुद्धा आकडा नव्हता. तिनं मोठ्या अभिमानानं तो माझ्या हातात दिला. हातात घेतला आणि मला कळलं. चुरमुऱ्याची पुडी घ्यावी तसा हलका.

"रेखा, एवढ्याशा सेलमध्ये एवढी वीज मावतच नाही गं. छापायला काय, काहीही छापतात."

"पण काकू, साडेचार स्टार होते!"

"मग त्या स्टारांच्या उजेडात चढ," असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण गप्प बसले. पुण्याच्या मुलींना पटकन राग येतो.

पायऱ्यांच्या वाटेवरच्या मोठ्या दगडी नंदीपर्यंत यायच्या आधीच तिचा टॉर्च मालवला. श्रीपादराव बाजूलाच होते. श्रीपादराव म्हणजे एका सरकारी हपीसातून अकाउंट्समधून रिटायर झालेले गृहस्थ, कुठलीही वस्तू फेकून न देणारे. ते शांतपणे म्हणाले, "लग्नाच्या जाहिरातीत माझी उंची अशीच छापली होती."

* * *

त्याच श्रीपादरावांनी मग स्वतः जे केलं ते ऐका. मुलाचा जुना लॅपटॉप बंद पडला होता. त्यांनी तो उघडून आतले सेल काढले. "चांगले आहेत, मिस! सुम्ने कशाला टाकायचे?" सुम्ने म्हणजे उगाच. आता लॅपटॉपचे सेल म्हणजे वापरून थकलेले, शिवाय त्यांना ना संरक्षणाचं सर्किट, ना डोक्यावर बटण. डोकं सपाट. टॉर्चच्या आत ते टेकेना, टॉर्च लागेना.

श्रीपादरावांच्या फ्रिजवर कुणी तरी दिलेला एक प्लास्टिकचा मोर चिकटवलेला होता. त्यांनी त्या मोराच्या पाठीतलं लोहचुंबक उचकटून काढलं आणि सेलच्या डोक्यावर बसवलं. टिकली लावल्यासारखं. टॉर्च लागला! तीन दिवस मंडळीत मोराची फुशारकी चालली होती.

चौथ्या दिवशी पायऱ्यांवर त्यांचा पाय जरा घसरला, टॉर्चला दणका बसला आणि आतलं लोहचुंबक सरकलं. सेलचं सगळं अंग हे ऋण टोक असतं, फक्त डोकं धन. चुंबक डोक्यावरून खांद्यावर उतरलं आणि दोन्ही टोकं एकमेकांना भेटली. टॉर्च विझला आणि तापायला लागला. मी ओरडले, "टाका! टाका तो!"

श्रीपादरावांना टाकवेना. आयुष्यात काही टाकलं असेल तर ना! या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात असा गरम वड्यासारखा तो झेलत राहिले. शेवटी मामांनी त्यांच्या हातावर थाप मारून तो खाली पाडला. टॉर्च दगडी पायरीवर थंड होईपर्यंत आम्ही सगळे लांब उभे.

घरी आल्यावर त्यांच्या सौभाग्यवतींचा मला फोन. "मिस, ते सेलचं राहू दे. आमचा मोर पडलाय तो कशानं चिकटवू?"

* * *

एवढ्यावर भागलं असतं तर. मी श्रीपादरावांना चांगले दोन सेल घेऊन दिले, एक टॉर्चमध्ये आणि एक जादा. जादा सेल नेहमी डबीत ठेवायचा, मोकळा ठेवायचा नाही, हे बजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मान फार छान डोलावतात.

पुढच्याच आठवड्यात ते सोसल्याच्या मठात गेले. आत जाताना पुरुषांनी सदरा उतरवायचा असतो. त्यांनी सदरा घडी करून खांद्यावर टाकला. सदऱ्याच्या खिशात घराच्या किल्ल्या, आणि किल्ल्यांच्या सोबत तो जादा सेल. मोकळा! घडीत सगळं एकमेकांवर दाबलं गेलं आणि किल्लीनं दोन्ही टोकं जोडली.

तीर्थासाठी रांग होती, सगळे हात जोडून गप्प. श्रीपादरावांच्या खांद्यावरून धूर निघायला लागला. त्यांच्या मागच्या आजोबांना वाटलं धूप आला. त्यांनी दोन्ही हातांनी धूर घेऊन डोळ्यांना लावला!

सदऱ्याला भोक पडलं, खांदा जरा लाल झाला, त्यावर थोडक्यात निभावलं. सेल घेऊन आले तेव्हा मी नुसतं बरणीचं झाकण काढून पुढं केलं. तेच म्हणाले, "मिस, माझं काही चुकलं नाही हां. डबी घरी होती."

* * *

मामांच्या टॉर्चसाठी मात्र मी स्वतः लष्कर मोहल्ल्यात गेले. टॉर्च बरोबर घेतला, लॅबमधून रिटायर होताना भेट मिळालेला व्हर्नियर कॅलिपर पर्समध्ये टाकला आणि मामांना सोबत नेलं. आता चूक परवडणारी नव्हती. मामींचा निकाल आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेला होता.

मी टॉर्चची नळी मोजली, सेलची जाडी मोजली, लांबी मोजली. प्रोटेक्टेड सेल सर्किटमुळे जरासा लांब असतो, म्हणून झाकण पूर्ण आवळतं का ते बघितलं. डोक्याला बटण आहे का, साल कुठं फाटलंय का, टॉर्च फुल्ल ठेवला तर लागेल तेवढा करंट सेल देतो का, कधी बनवला, कुणी बनवला, सगळं विचारलं. दुकानदारानं एक एक सेल काढून काउंटरवर ठेवला आणि शेवटी कन्नडमध्ये म्हणाला, "मॅडम, सेल घ्यायला आलात की पोरगा बघायला?"

मामा गंभीरपणे म्हणाले, "स्वभाव पण विचार, मिस. आतून तापट नको."

आम्ही घेतला तो सेल अगदी बरोबर बसला. हलवला तरी खुळखुळ नाही, झाकण सहज फिरलं. मामांनी दुकानातच टॉर्च लावला आणि समोरून चाललेल्या माणसाला लगेच डिप्पर दिला. भर दुपारी!

चार्जरसुद्धा त्याच सेलसाठी योग्य असलेला घेतला. मग घरी रोज फोन. "मिस, चार्जर गादीवर ठेवला तर चालतो काय?" नाही. "तांदळाच्या डब्यावर?" डबा पत्र्याचा असेल तर नको. "देवापुढं, समईच्या बाजूला?" मामा! शेवटी मोकळ्या फरशीवर, दोघंही जागे असताना आणि डोळ्यांसमोर, असं ठरलं. मामा खुर्ची टाकून चार्जरसमोर बसायचे. मामी म्हणायच्या, "बस डेपोत लागली की हे असंच बसायचे."

* * *

दसरा आला. आमच्या म्हैसूरला आयुधपूजा म्हणजे केवढं प्रस्थ! लोक गाड्या धुतात, झेंडूच्या माळा घालतात, कुंभळकायी म्हणजे कोहळा फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. मामांनी जन्मभर बसची पूजा केली. बस गेली तशी त्यांच्याकडे पूजेला वाहनच उरलं नव्हतं. त्या वर्षी त्यांनी टॉर्चची पूजा मांडली. टॉर्चला धुतलं, माळ घातली, समोर एक लिंबूसुद्धा ठेवलं. "चाक नाही, पण चालवतोय तोच," म्हणाले. मला ते फार आवडलं.

मलाही प्रसादाला बोलावलं होतं. मी पोचले तर चौरंगावर पितळेचं ताट, ताटात टॉर्च उघडलेला आणि बाजूला सेल. एकदम चकचकीत, चांदीसारखा. मला क्षणभर कळेना हा कुठला सेल.

मामी कौतुकानं म्हणाल्या, "मिस, तुम्ही लोक नवीन वस्तूचं प्लास्टिक काढतच नाही. प्लास्टिकवरनं पूजा करायची काय? मी काढलं सगळं. आत एक पट्टी पण चिकटलेली होती, खाली एक चकती होती, ती पण नखानं सोलून काढली. बघ, केवढा छान निघालाय!"

मामींनी सेलचं साल सोललं होतं. आणि ती पट्टी आणि चकती म्हणजेच संरक्षणाचं सर्किट! ज्यासाठी मी दुकानात मुलगा बघितला होता ते सगळं मामींनी पूजेसाठी सोलून ठेवलं होतं. नागडा सेल पितळेच्या ताटात, आणि मामी ओल्या हळदीकुंकवाची वाटी घेऊन त्याच्या डोक्याला लावायला निघाल्या, वाटी स्टीलची!

मी "मामी, बेडा!" असं किंचाळले. बेडा म्हणजे नको. घाबरले की मला मराठी आठवत नाही. तोवर वाटीची कड सेलच्या डोक्याला आणि ताटाला एकदमच लागली. फाट्! ठिणगी उडाली, वाटी मामींच्या हातातून सुटून लांब जाऊन पडली, सगळीकडे कुंकू आणि जळका वास. मी कोरड्या पंच्यानं सेल उचलला आणि तुळशीच्या शेजारच्या वाळूच्या ढिगात नेऊन पुरला.

मामी भिंतीला टेकून बसलेल्या. हाताला काही लागलं नव्हतं. मामांचा चेहरा मात्र उतरला. वास आला होता. मामींचा निकाल असा होता की अजून एकदा वास आला की डोंगर बंद. लिंबू तसंच पडलेलं.

शेवटी मामी पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "हा माझ्या हातनं झाला. हा धरायचा नाही."

मामा लगेच ताठ झाले. "धरायचा नाही म्हणजे नाही हां! मिस, तू साक्षी!"

* * *

दुसरा सेल आणला, तसाच, त्याच दुकानातून. साल सोलू नका हे मी मामींना सांगायला गेले नाही, त्यांनीच मला सांगितलं. हिवाळा संपेपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मला तर वाटायला लागलं की आता बरणीत पुन्हा लोणचं घालावं.

मग मामा एक दिवस सकाळी, मामींना घेऊन, माझ्याकडे आले. म्हणाले, "मिस, उजेड कमी पडतोय. जरा बघतेस काय?" मी सेल काढून मीटर लावला. चांगला होता. तरी मी माझ्याकडचा नवा सेल त्यांच्या टॉर्चमध्ये घातला, जुना ठेवून घेतला आणि लाइटची काच पुसून दिली.

पुढच्या आठवड्यात डोंगरावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आम्ही वर पोचलो, झाडं दिसायला लागली, पाखरं ओरडायला लागली, आणि मामांचा टॉर्च अजून चालूच. श्रीपादराव म्हणाले, "मामा, बंद करा हो, उजाडलंय! सेल सुम्ने जातोय!" मामा म्हणाले, "असू दे स्वल्प." थोडा वेळ असू दे. मी पुढं जाऊन त्यांच्या हाताला धरलं तर त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि डाव्या बाजूनं चढत राहिले.

त्याच दिवशी दुपारी दोघं पुन्हा माझ्याकडे. मी कॉफी ठेवली. मामांनी टॉर्च टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आल्या आल्या चार्ज केला, तरी उजेड अजून कमी झालाय. बघ बरं मीटर लावून. काय आहे ते खरं सांग."

मी सेल काढला आणि मीटर लावला. पूर्ण भरलेला. चार पॉइंट दोन व्होल्ट, जसा असावा तसा. साल नीट, बटण नीट, फुगलेला नाही, तापलेला नाही. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या सेलांत इतका चांगला सेल मी बघितला नाही. माझा हात मीटरच्या तारा धरून तसाच राहिला. आयुष्यभर पोरांना आकडा दिसला तसाच बोला म्हणून शिकवलं, आणि आता तो आकडा माझ्या तोंडून निघेना.

"काय म्हणतोय मीटर?" मामांनी विचारलं. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, नजर जरा बाजूला, खिडकीकडे.

मामी समोरच बसल्या होत्या. मीटरचा आकडा त्यांना स्पष्ट दिसत होता. मामांच्या शेजारी बसून चार्जरवरचे आकडे बघून बघून त्यांना तो वाचताही येत होता. त्यांनी कॉफीचा लोटा खाली ठेवला, पुढं वाकून माझ्या हातातून सेल घेतला आणि म्हणाल्या, "खराब म्हणतोय. हल्ली सेल चांगले येतच नाहीत. मिस, टाक हा बरणीत."

मी मामांकडे बघितलं. ड्रायवरनं गाडीवर ढकलायचं नाही, हे ते आता म्हणतील असं मला वाटलं. मामांनी कॉफी संपवली आणि म्हणाले, "निघू या."

मी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि तो सेल वाळूत पुरला. आज बरणीत तेवढा एकच सेल चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डोंगराच्या पायथ्याशी पोचले तर श्रीपादराव, रेखा आणि मामा उभे होते. आणि मामांच्या पुढं कमळामामी. नऊवारीवर स्वेटर, कानाला मफलर, पायात मामांचे जुने कॅनव्हासचे बूट. हातात मामांचा टॉर्च.

रेखानं विचारलं, "मामी, तुम्ही?"

"ह्यांचे सेल सारखे खराब येतात," मामी म्हणाल्या. "कुणाचं लक्ष नको काय?"

आणि त्या चढायला लागल्या. मामांच्या एक पायरी पुढं, टॉर्च मागं वळवून त्यांच्या पायाशी धरलेला, डावी बाजू न सोडता. मामांचा हात मामींच्या खांद्यावर. वळणावर मामांनी घसा खाकरला. आम्ही मागून चाललो.

बरंच वर गेल्यावर मामा अचानक थांबले आणि म्हणाले, "अगं, समोरनं कोणतरी येतंय. डिप्पर दे की!"

मी वर बघितलं. रेखानंही बघितलं. वरपर्यंत सगळ्या पायऱ्या मोकळ्या होत्या.

मामींनी टॉर्च समोर वळवला आणि काचेवर तळहात आडवा धरला.